कपाळ झाकायचं की दाखवायचं

रविवारी सकाळी नवऱ्याने जाहीर केलं की त्याला कोरियन कट मारायचा आहे. ती तेव्हा वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला आणि तसाच बाजूला ठेवून दिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला काय काय सुचू शकतं याचा तिला चांगला अंदाज होता. गुडघ्यांसाठी सायकल सुचून झाली होती, गच्चीत टोमॅटो लावून झाले होते, मध्ये दोन आठवडे बासरीसुद्धा वाजवून झाली होती. कोरिया तिच्या हिशेबात नव्हता.

लेक मात्र खुर्चीतून उठलीच. सतरा वर्षांची ती पोर कोरियन मालिका इतक्या मन लावून बघायची, की तिथे थंडी पडली की हिला स्वेटर घालावासा वाटायचा. "बाबा, तू खरंच करणारेस?" असं तीनदा विचारून तिने मोबाइल काढला आणि फोटोंची रांग लावली. प्रत्येक फोटोत एक गुळगुळीत चेहऱ्याचा पोरगा होता आणि त्याची झुलपं थेट भुवयांवर उतरली होती.

"ह्याची आई ह्याला केस कापायला पाठवत नाही का?" तिने टॉवेलांमागून विचारलं.

"आई, हीच स्टाईल आहे."

"आमच्या वेळी ह्याला झिपऱ्या म्हणायचे. वर्गाबाहेर उभं करायचे."

नवरा हसला. ते हसणं तिने ऐकलं, पण बघितलं नाही.

"तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुला चेहऱ्यातलं कळतं. मला तिथे काहीतरी गळ्यात मारतील."

ते खरं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एकोणीस वर्षं. दिवसभर उभं राहून लोकांच्या तोंडाकडे बघणं हाच तिचा धंदा. गिऱ्हाईक समोर बसलं की ती छोटी पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, "माझ्या नाकाकडे बघा" म्हणायची आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची. कोणाचं नाक वाकडं, कोणाचा एक कान वर, कोणाला गोल फ्रेम घातली तर घुबड दिसेल, हे तिला माणूस दारातून आत येतानाच समजायचं. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि डोळ्यांपुढे नुसती नाकं नाचायची.

एवढे चेहरे बघणारी ही बाई गेले आठ महिने नवऱ्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलत होती. जेवायला वाढलंय, विजेचा माणूस येऊन गेला, लेकीची फी भरायची आहे, सगळं त्या बटणाला सांगायची. एकदा ते बटण तुटून लोंबत होतं तर तिला दारातूनच दिसलं आणि तिने तिथल्या तिथे शिवून दिलं. त्याच आठवड्यात त्याने मिशी काढली होती. ते तिला लेकीकडून कळलं.

झालं होतं असं, की नणंदेच्या घरून परत येताना गाडी ती चालवत होती. ऐन दुपार, लख्ख ऊन, रस्ता मोकळा. दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. कशावरून, ते आता तिला सांगता आलं नसतं. बोलता बोलता तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, दोन सेकंद, फार तर तीन, आणि तेवढ्यात गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे जाऊन आदळली. नेमकी त्याची बाजू. त्याच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला अकरा टाके पडले. तिच्या केसालाही धक्का लागला नाही.

दवाखान्यात पहिल्याच माणसाने विचारलं, कसं झालं? ती तोंड उघडणार तोच स्ट्रेचरवरून हा म्हणाला, "कुत्रं आडवं आलं."

तेव्हापासून ते कुत्रं घरात राहायला आलं. नणंदेला कुत्रं सांगितलं, लेकीला कुत्रं सांगितलं. तो पोस्टात तीन नंबरच्या खिडकीवर बसायचा. तिथे दिवसाला शंभर माणसं पाकिटं घेऊन येणार, काचेतून त्याच्या कपाळाकडे बघणार आणि पंधरा जण तरी विचारणार, "काय हो, हे काय लागलं?" हा पाकिटावर शिक्का मारता मारता कुत्र्याची गोष्ट सांगणार. सांगून सांगून कुत्र्याला रंग आला, काळा. मग एक कान पांढरा झाला. मग ते थोडं लंगडायला लागलं, कारण एका म्हाताऱ्या बाईने विचारलं होतं की ते वेळेवर पळालं कसं नाही.

एकदा जेवताना तो म्हणाला होता, "मला त्या कुत्र्याचा कंटाळा आलाय." ती बटणाला म्हणाली होती, "आणखी घेणार का थोडं?"

म्हणून कोरियन कट. तिला ते टॉवेलाची घडी घालतानाच कळलं होतं. केस कपाळावर येतील, खूण झाकली जाईल, खिडकीवर कोणी विचारणार नाही आणि कुत्रं निघून जाईल. त्याला स्वतःचं ते कपाळ आरशात बघवत नसेल, आणि ते कोणामुळे, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. ती उठली आणि तिने चपला घातल्या.

सलून दुसऱ्या गल्लीत होतं, जिन्याखालचं, दोन खुर्च्यांचं. मालक तिशीचा, एकटाच काम करायचा. त्याने स्वतःचे केस राखेच्या रंगाचे केले होते आणि बोलायला लागला की थांबायचं कसं हे तो विसरून जायचा. एका भिंतीला आरसा, आरशाखाली फळीवर कात्र्या, मशीन, फवारा आणि तीन जातींची मेणं. दुसऱ्या भिंतीला एक बाक. ती बाकावर बसली आणि तिथलं जुनं मासिक उघडलं. ते मोटारींचं निघालं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

"काका, आधी एकच सांगा," सलूनवाल्याने नवऱ्याच्या गळ्याभोवती कापड बांधत विचारलं. "कपाळ झाकायचं की दाखवायचं? बाकी सगळं नंतर."

बाकावर तिच्या अंगावर काटा आला. एके काळी हा शब्द तिच्या तोंडी बसलेला होता. दूध उतू गेलं, माझं कपाळ. बस चुकली, माझं कपाळ. लेकीला गणितात कमी पडले की लेकच आधी म्हणायची, "आई, तुझं कपाळ." आठ महिन्यांत तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मलम लावायची वेळ झाली की नवरा म्हणायचा, "डोक्याला लावून घेतो," आणि मोरीत जाऊन स्वतःचं स्वतः लावायचा.

"झाकायचं," नवरा म्हणाला.

"मग सोपं आहे. म्हणजे सोपं नाही, पण कळलं मला." सलूनवाल्याने भिंतीवरच्या फोटोंवर कंगवा टेकवला. "हा मधल्या भांगाचा, पडदा दोन्हीकडे सारल्यासारखा. ह्यात मध्ये सगळं उघडं पडतं. हा कॉमा. समोरची बट आत वळवायची, स्वल्पविरामासारखी. छान दिसतो, पण अर्धं कपाळ दिसणारच. तुम्हाला हा घ्या. बाजूने, मागून मशीन मारून बारीक, वरचे लांब, सगळे पुढे. टोपी ठेवल्यासारखे. हल्ली सगळे हाच मागतात."

"टोपी चालेल," नवरा म्हणाला.

"आता बाजू किती बारीक करायच्या ते चेहऱ्यावर आहे." तो बाकाकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा."

काकू म्हटल्यावर ती दुखावली, पण ते तेवढ्यापुरतं. मासिकातल्या मोटारीवर नजर ठेवून तिने दुकानातल्या आवाजात सांगितलं, "चेहरा गोल आहे. बाजूला अजिबात भार ठेवू नका, नाहीतर आणखी रुंद दिसेल."

सलूनवाला थांबला. "गोल?"

"गोलच. भरलेले गाल आहेत."

"काकांचे?" त्याने नवऱ्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "काकू, गाल कुठे आहेत? इथे तर खड्डे पडलेत. ह्यांना बाजूने थोडे ठेवायलाच लागतील, नाहीतर चेहरा काठीसारखा दिसेल."

एकोणीस वर्षांत तिने फ्रेम चुकीची दिली नव्हती. दारातून येणाऱ्या परक्या माणसाचा चेहरा तिला चटकन कळायचा आणि स्वतःच्या नवऱ्याचा ती आठ महिन्यांपूर्वीचा सांगत होती. मोटारीच्या चित्रावर तिने अंगठा इतका दाबला की कागदाला वळी पडली. मान वर करून बघणं एवढंच काम होतं. ते झालं नाही.

"ठेवा थोडे," नवरा शांतपणे म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मशीन सुरू झालं. मागचे केस पुंजक्यांनी खाली पडायला लागले, काळे कमी, पांढरे जास्त. नवरा आयुष्यभर केस मागे वळवत आला होता. लग्नाच्या वेळी तर समोर कोंबडा काढायचा, तेल लावून, आणि बाहेर वारा असला की डोक्यावर हात ठेवून चालायचा. आता तेच केस फवाऱ्याने ओले करून पुढे ओढले जात होते. गेले चार महिने तो केस का वाढवत होता हेही तिला आत्ता कळलं. तिला वाटलं होतं, कंटाळा करतोय.

"हे काय झालं, काका?" अखेर सलूनवाल्याने विचारलंच. कंगव्याच्या टोकाने त्याने समोरचे केस बाजूला केले होते.

"कुत्रं आडवं आलं. गाडीत होतो," नवऱ्याने सुरुवात केली. त्याच्या आवाजात काहीही नव्हतं, शिक्का मारल्यासारखा एकसुरी. "काळं होतं. एक कान पांढरा."

"अरे बापरे. मग कुत्र्याचं काय झालं?"

आठ महिन्यांत हे कोणीही विचारलं नव्हतं. लोक याला किती लागलं विचारायचे, गाडीचं किती नुकसान झालं विचारायचे. कुत्र्याची चौकशी करणारा हा पहिलाच. कात्रीचा आवाज तेवढा येत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "त्याच्या केसालाही धक्का लागला नाही."

"नशीब. पळालं?"

"नाही. आमच्याकडेच असतं."

"पाळलंत की काय? कमाल आहे, काका. मोठं मन तुमचं."

"पण घाबरलंय," नवरा म्हणाला. आता आवाज एकसुरी नव्हता. "खातं-पितं, कामं करतं. म्हणजे, राखण करतं. पण माझ्याकडे बघत नाही. मी खोलीत आलो की दुसरीकडे तोंड करतं. किती दिवस झाले."

"मुकं जनावर आहे, काका. त्याला वाटत असेल आपल्यामुळे झालं. जवळ घेऊन बसा जरा."

"येत नाही जवळ."

सलूनवाल्याने च्च केलं. बाकावर तिचे कान तापले. आधी तिला रागच आला. वीस वर्षं संसार केला आणि या माणसाने भर सलूनमध्ये आपल्याला कुत्रं केलं, तेही लंगडं. मग कुठूनतरी हसू आलं, ते नाकातून बाहेर पडलं आणि त्याचं रडं होऊ नये म्हणून तिने मासिक तोंडाला लावलं. मोटारींच्या शाईचा वास आला. ती फार दमलेली होती. इतके दिवस मान एकीकडे धरून ठेवायची म्हणजे काही कमी काम नव्हतं.

अर्ध्या तासाने कात्री थांबली. सलूनवाल्याने ड्रायर फिरवून केस वाळवले, पुढे ओढले, मागे सरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. टोपी मध्येच उघडत होती. जिथे खूण होती, तिथले केस झाकायचं सोडून दोन्हीकडे सरकत होते, आणि मध्ये ती खूण नेमकी खिडकीतून बघितल्यासारखी दिसत होती.

"टाक्यांनी मुळं ओढलीत," तो म्हणाला. "भोवरा असतो ना, तसं झालंय. कितीही कापलं तरी केस इथून फाकणार. रोज सकाळी बसवायला लागेल. अवघड नाही, पाच मिनिटांचं काम. काका, हात वर करा बघू. एका हातात ड्रायर, दुसऱ्याने केस दाबायचे."

नवऱ्याने उजवा हात वर केला. डावा कापडाखालून निघाला, छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"एवढाच जातो," तो म्हणाला.

मग नवरा म्हणाला, "राहू द्या. जातील तसे जातील." ते तो इतक्या सहज म्हणाला, की गेल्या आठ महिन्यांत आपण असं किती वेळा ऐकलं आणि पुढे निघून गेलो, ते तिला एकदम मोजावंसं वाटलं.

"राहू कशाला द्यायचं? काकू आहेत की," सलूनवाला म्हणाला. "या, काकू, शिकवतो. समोरून करायचं असतं हे. मागून नाही जमत."

ती उठली. नाही कसं म्हणणार? खुर्ची आणि आरसा यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती, तिथे ती जाऊन उभी राहिली. नवऱ्याचे गुडघे तिच्या पायांना लागले. आज दुसरं बटण नव्हतं. त्यावर कापड होतं, गळ्यापर्यंत. नजर टेकवायला जागाच नव्हती, म्हणून तिने ती ड्रायरवर टेकवली.

"मुळाशी वारा द्यायचा," सलूनवाला सांगायला लागला. "आधी केस उलट्या बाजूला ढकलायचे, मग सुलट्या. म्हणजे मुळं नाद सोडतात. गरम झाले की ड्रायर बंद करायचा आणि तळहात ठेवायचा वर, असा. घाई करायची नाही. केस गरम असताना वळतात, पण बसतात ते गार होताना. गार होईपर्यंत हात काढायचा नाही. इथेच सगळे चुकतात. काका, डोळे मिटा, वारा जाईल."

नवऱ्याने डोळे मिटले. त्याच वेळी दारात दाढीसाठी कोणी आजोबा आले आणि सलूनवाला त्यांना दुसऱ्या खुर्चीकडे घेऊन गेला. आजोबांना ऐकू कमी येत होतं. तो त्यांच्या कानाशी ओरडून वस्तऱ्याचं नवं पातं दाखवायला लागला.

डोळे मिटले होते म्हणून तिला जमलं. तिने ड्रायर सुरू केला आणि बघितलं.

खूण तिला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. केसांपासून डाव्या भुवईकडे तिरकी उतरलेली, बोटभर लांब, आता पांढुरकी झालेली. दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. तिने मनात धरून ठेवलेली खूण याच्या दुप्पट होती, लाल होती आणि ओली होती. ती तिने रात्रंदिवस बघितली होती, आणि खरी एकदाही नाही. तिने केस उलट्या बाजूला ढकलले, मग सुलट्या. बोटांना ती जागा लागली, तशी नवऱ्याची पापणी हलली.

"दुखतं?"

"नाही. गरम आहे."

तिने ड्रायर थोडा लांब धरला. "मला कुत्रं म्हणालात," ती म्हणाली.

"ऐकलंस होय?"

"चार फुटांवर बसले होते."

"चुकलं माझं."

"लंगडं म्हणालात पोस्टात."

"ते त्या म्हातारीने लंगडं केलं. मी फक्त हो म्हटलं."

ड्रायरचा आवाज मोठा होता. त्याआड बोलता येत होतं. तिने बट पुन्हा उलटी केली. "सगळ्यांना खरं सांगायला हवं होतं तुम्ही. बायकोने रस्ता सोडून माझ्याकडे बघितलं म्हणून. मी मान वळवली. मला माहीत आहे."

"का वळवलीस, ते आठवतं?"

"भांडत होतो."

"मी म्हटलं होतं तुला," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ कोरडे पडले होते आणि त्याने ते चाटले. "तू समोर बघून बोलत होतीस. गाडी चालवताना माणूस समोरच बघणार. मला राग आला. मी म्हटलं, बोलताना माझ्याकडे बघत जा. तू बघितलं नाहीस. मग मी ओरडलो. माझ्याकडे बघ. तेव्हा तू बघितलंस."

ड्रायर एकाच जागी राहिला असावा, कारण नवरा खुर्चीत मागे सरला. तिने तो बाजूला घेतला. तिला ते खरोखर आठवत नव्हतं. तिला फक्त स्वतःची मान आठवत होती, वळताना. ती कोणीतरी वळवली असेल हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपण एकटीनेच गाडी ट्रकवर नेऊन घातली, असं धरून ती झोपली होती, उठली होती, लोकांची नाकं मोजत राहिली होती.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिन्यांत हे एकदाही सांगितलं नाहीत."

"कोणाला सांगणार?" तो म्हणाला. "बटणाला?"

म्हणजे त्याला माहीत होतं. तिला वाटायचं, कळत नसेल.

"मला वाटलं, तुला बघवत नाही ते," तो पुढे म्हणाला. "म्हणून म्हटलं, झाकून टाकू. झाकलं की बघशील. मला खिडकीवरच्या लोकांचं काही नाही गं. त्यांना कुत्रं पुरतं."

तिला काहीतरी बोलायचं होतं, पण हातात गरम हवा सोडणारं यंत्र होतं. केस हाताला चटका लागेल इतके तापले होते. तिने ड्रायर बंद केला आणि सांगितलं होतं तसा तळहात ठेवला, सपाट, खुणेवरच. एकदम शांत झालं. पलीकडे आजोबांच्या गालावर वस्तरा खरखरत होता.

"झालं?" नवऱ्याने विचारलं. "उघडू डोळे?"

"थांबा. गार व्हायचंय."

तिच्या तळहाताखाली कपाळ हळूहळू निवत गेलं. मधली शीर लागत होती, ठक ठक, अगदी बारीक. किती वेळ लागतो हे सलूनवाल्याने सांगितलं नव्हतं. ती उभी राहिली. पोटऱ्या ठणकत होत्या, रविवारीसुद्धा. नवरा लहान मुलासारखा डोळे मिटून, कापडाखाली हात ठेवून बसला होता आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग केस गार झाले. तिने हात काढला. झुलपं जिथल्या तिथे बसली, भुवईपर्यंत, कुठेही न फाकता. खूण दिसत नव्हती. आता नजर दुसरीकडे न्यायला काही कारणही उरलं नव्हतं.

"उघडा," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. ते थेट तिच्यावर आले आणि तिने ते चुकवले नाहीत. डोळे आत गेलेले होते. खाली काळी वर्तुळं होती, आजची नव्हेत, कित्येक महिन्यांची. गाल खरंच बसले होते. ओठांच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा पडल्या होत्या, आणि त्या कधी पडल्या हे तिला माहीत नव्हतं. हनुवटीवरची खुंटं पार पांढरी झाली होती. एवढं सगळं घरात, तिच्या समोरच्या ताटावर, तिच्या शेजारच्या उशीवर होत गेलं होतं. वर कोरियन पोराचे केस आणि खाली हा चेहरा. परका माणूस दुकानात असा आला असता तर तिने आधी त्याला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "किती दमलाय तुम्ही."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "खूप."